टेक्सासची प्रॉपर्टी-कॅज्युअल्टी परीक्षा: तयारी घरच्या पॉलिसीपासून

विचारणाऱ्या ताई फ्रिस्कोला राहतात. भारतात बँकेत नोकरी केलेली, आता एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर काम करायची परवानगी नुकतीच हातात आलेली. टेक्सासची जनरल लाइन्स प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टी लायसन्सची, म्हणजे घर, गाडी, धंदा यांचा विमा विकायच्या परवान्याची, परीक्षा दिली, पास व्हायला ७० लागतात, ६६ पडले. मोबाईलवरच्या अ‍ॅपमधले सगळे प्रश्न दोन-दोनदा सोडवले होते आणि तिथे नव्वदच्या वर गुण येत होते. त्यांचे प्रश्न तीन: इंग्रजी कमी पडलं का, पुन्हा तयारी कशी करावी, आणि त्यापेक्षा लहान अशी पर्सनल लाइन्सची (फक्त घर-गाडीच्या विम्याची) परीक्षा देऊन मोकळं व्हावं का.

मी डॅलसच्या उत्तरेला बरीच वर्षं एजन्सी चालवते आणि नव्या मुलामुलींकडून ही परीक्षा करून घेते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजी कमी पडलेलं नाही. अ‍ॅपमध्ये नव्वद आणि परीक्षेत ६६, याचा अर्थ एकच निघतो: तुम्हाला प्रश्न पाठ झाले, पॉलिसी वाचता आली नाही. अ‍ॅपमधला तोच प्रश्न तिसऱ्यांदा समोर आला की उत्तर डोळ्यांनी ओळखलं जातं. परीक्षेत तीच गोष्ट दुसऱ्या नावांनी, दुसऱ्या आकड्यांनी आणि मध्येच एक ‘except’ घालून येते, तेव्हा डोळ्यांची ओळख कामाला येत नाही. प्रश्नसंच वाईट नसतात. ते आधी घेतले जातात, ही अडचण.

टेक्सासमध्ये हे जास्त होतं, कारण इथे परीक्षेआधी वर्गात बसण्याची सक्ती नाही. न्यू जर्सीत प्रॉपर्टी आणि कॅज्युअल्टी दोन्हींसाठी ठरावीक तासांचं शिक्षण पूर्ण केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. टेक्सासमध्ये नाव नोंदवा, फी भरा, या. भारतात एकच आयआरडीएआय सगळ्या देशाला नियम लावते, अमेरिकेत मात्र १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन राज्यांकडे ठेवलं. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या, डेन्व्हरच्या मैत्रिणीने दिलेल्या नोट्स अर्ध्याच कामाच्या. सर्वसाधारण भाग जुळेल, राज्याचा भाग जुळणार नाही, आणि कुठला भाग कुठला हे नवख्याला कळत नाही.

तर पहिलं काम. परीक्षा घेणाऱ्या पीअर्सन व्ह्यूच्या संकेतस्थळावरून या परीक्षेचं हँडबुक उतरवून घ्या. त्यात विषयांची यादी असते आणि कुठल्या विषयावर किती प्रश्न तेही दिलेलं असतं. नापास झाल्यावर तुम्हाला जो कागद मिळाला त्यात विभागवार कामगिरी आहे. दोन्ही शेजारी ठेवा. माझा अंदाज सांगू? घर आणि गाडी बरी गेली असेल, मार कमर्शियलमध्ये (धंद्यांच्या विम्यात) आणि टेक्सासच्या नियमांत बसला असेल. बहुतेकांचं तसंच होतं.

दुसरं काम: स्वतःच्या घराची आणि गाडीची पॉलिसी बाहेर काढा. ईमेलमध्ये पडलेली, कधीच न उघडलेली ती पन्नास-साठ पानांची पीडीएफ. पहिलं पान म्हणजे डिक्लेरेशन्स: कोणाचा विमा, कुठल्या घराचा, किती रकमेचा, डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला आपण सोसायचा वाटा, किती. मग इन्शुरिंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे कंपनी कशाचे पैसे देईन म्हणते ते वाक्य. मग कंडिशन्स, म्हणजे अटी, मग एक्सक्लूजन्स, म्हणजे वगळलेल्या गोष्टी. चारींची इंग्रजी आद्याक्षरं जोडून होणारा ‘डाइस’ हा शब्द प्रत्येक क्लासमध्ये सांगतात, तो लक्षात ठेवायला हरकत नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. टेक्सासमध्ये कंपन्या स्वतःचे फॉर्म वापरतात, त्यामुळे तुमच्या पॉलिसीतले आकडे वेगळे असू शकतात. सर्वसाधारण भागात परीक्षा विचारते ती आयएसओ या संस्थेने विमा कंपन्यांसाठी बनवलेल्या छापील फॉर्मबद्दल: एचओ-३ (राहत्या घराची पॉलिसी), डीपी-३ (मुख्यतः भाड्याने दिलेल्या घराची), पर्सनल ऑटो (गाडीची), सीजीएल (धंद्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची). सांगाडा स्वतःच्या पॉलिसीवर शिका, आकडे पुस्तकातले पाठ करा.

आता वाचायचं कसं. घराचा कुठलाही प्रश्न आला की मी मुलांना एकाच क्रमाने विचार करायला लावते. नुकसान झालेला माणूस पॉलिसीत ‘इन्शुअर्ड’ आहे का? ती वस्तू आणि ती जागा पॉलिसीत बसते का? कारण, म्हणजे पेरिल, बसतं का? ते कुठल्या एक्सक्लूजनने बाहेर काढलंय का? आणि त्या एक्सक्लूजनला पुढे अपवाद आहे का? रक्कम, पोटमर्यादा, डिडक्टिबल हे सगळं त्यानंतर. परीक्षेतले अवघड प्रश्न जवळजवळ सगळे शेवटच्या दोन पायऱ्यांवर बेतलेले असतात. एक्सक्लूजन दिसलं की घाईत ‘मिळणार नाही’ असं उत्तर दिलं जातं, आणि अपवाद त्याच्याच पुढच्या वाक्यात असतो. भूकंप वगळलेला आहे, पण भूकंपामुळे लागलेली आग वगळलेली नाही. झिजलेला, गंजलेला पाइप वगळलेला आहे, पण तो अचानक फुटून वाहिलेल्या पाण्याने लाकडी फ्लोअर फुगलं तर ते नुकसान मिळतं. तिथवर पोचायला फोडलेली भिंतही मिळते. पाइप मात्र स्वतःच्या खिशातून. हे एक उदाहरण नीट समजलं की दहा प्रश्न सुटतात.

एचओ-३ मध्ये आणखी एक गोष्ट हाडात भिनवावी लागते. घर आणि आवारातली शेड-कुंपणं यांना ओपन पेरिल, म्हणजे वगळलं नसेल ते सगळं आत. घरातल्या सामानाला नेम्ड पेरिल, म्हणजे यादीत असेल तेवढंच. एकाच पॉलिसीत सिद्ध करायचं ओझं उलटतं. सामान यादीतल्या कारणाने गेलं हे तुम्ही दाखवायचं, घराचं नुकसान वगळलेल्या कारणाने झालं हे कंपनीने. एचओ-५ मध्ये सामानही ओपन पेरिल. एचओ-४ भाडेकरूची, एचओ-६ कॉन्डोची, एचओ-८ बाजारभावापेक्षा बांधकामाचा खर्च खूप जास्त येईल अशा जुन्या घराची. एचओ-३ मधल्या टक्केवाऱ्याही घोटून ठेवा: इतर बांधकामं कव्हरेज ए च्या, म्हणजे घराच्या विमा रकमेच्या, १० टक्के, सामान (कव्हरेज सी) ५० टक्के, राहायची दुसरी सोय करावी लागली तर ३० टक्के.

आपल्या लोकांच्या घरातून उदाहरणं घेतली की हे सगळं लवकर बसतं. पाटल्या, तोडे, गंठण घरातून चोरीला गेलं तर आयएसओच्या एचओ-३ मध्ये दागिन्यांच्या चोरीला १,५०० डॉलरची पोटमर्यादा आहे, मग सामानाची एकूण रक्कम दोन लाख असो की तीन लाख. रोख रकमेला २००. पाहिजे तर दागिने वेगळे शेड्यूल करून घ्यायचे, म्हणजे किंमत ठरवून प्रत्येक दागिना पॉलिसीला जोडायचा. मुलगा ऑस्टिनला हॉस्टेलवर आहे, लॅपटॉप चोरीला गेला. तो पूर्णवेळ विद्यार्थी आहे, २४ च्या आतला आहे, जाण्याआधी तुमच्याच घरी राहत होता, म्हणून तो इन्शुअर्ड. पण त्या दुसऱ्या जागेवरच्या सामानाला साधारण कव्हरेज सी च्या १० टक्क्यांची मर्यादा. घरून डबे करता, त्या धंद्याच्या गिऱ्हाइकाला तुमच्या अन्नाने त्रास झाला तर होमओनर्सचा, म्हणजे घराच्या पॉलिसीचा, लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानाची जबाबदारी) भाग हात वर करतो, कारण बिझनेसचं एक्सक्लूजन.

सुट्टीत घर बंद करून दोन-अडीच महिने भारतात जाणं हा तर तयार प्रश्न आहे. घर ‘व्हेकंट’ झालं का? नाही. व्हेकंट म्हणजे माणसंही नाहीत आणि सामानही नाही. तुमचं घर ‘अनऑक्युपाइड’ आहे. व्हेकंट घरात सलग ६० दिवसांनंतर कोणी मोडतोड केली तर ती वगळलेली असते, सामानासकट बंद असलेल्या घराला ते लागू होत नाही. पण हिवाळ्यात गेलात आणि पाइप गोठून फुटले, तर घर पुरेसं गरम ठेवण्याची किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करण्याची वाजवी काळजी घेतली होती का, हे विचारलं जातं. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत वीज गेली आणि टेक्सासभर पाइप फुटले. त्यानंतर ही अट इथल्या प्रत्येक घरमालकाला तोंडपाठ झाली. परीक्षेतही ती आवडती आहे.

आणि पूर. होमओनर्समध्ये पूर नसतो, कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनची कितीतरी घरं बुडाली आणि मालकांना तेव्हा हे कळलं. सरकारी नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्राम १९६८ चा. एका कुटुंबाच्या घराला इमारतीसाठी कमाल अडीच लाख डॉलर, सामानासाठी एक लाख, आणि पॉलिसी लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस थांबावं लागतं. वादळाची बातमी बघून फोन करणाऱ्याला उपयोग नाही. गाडीचं उलट आहे. पुरात बुडालेली गाडी ‘अदर दॅन कोलिजन’, म्हणजे धडकेशिवायच्या नुकसानाच्या, कव्हरेजमध्ये मिळते. गारांनी पडलेले पोचेही त्यातच, आणि हरणाला धडकलात तरी त्यातच. झाडाला धडकलात तर कोलिजन. भारतात गाडीच्या एका पॅकेज पॉलिसीत जे एकत्र येतं ते इथे दोन वेगळ्या कव्हरेजमध्ये विकलं जातं, म्हणून आपल्याकडच्या मुलांचा हरणाचा प्रश्न हमखास चुकतो.

बँकेतून आलेल्या बाईला गणितं अवघड नाहीत, पण क्रम चुकला की उत्तर चुकतं, आणि चुकलेल्या क्रमाचं उत्तर पर्यायांत आधीच ठेवलेलं असतं. कोइन्शुरन्स घ्या, म्हणजे मालमत्तेच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांइतका विमा घेतलाच पाहिजे ही अट. इमारतीची किंमत चार लाख, पॉलिसीत ८० टक्क्यांची अट, म्हणजे विमा हवा तीन लाख वीस हजारांचा. घेतला दोन लाख चाळीस हजारांचा. नुकसान ८०,०००, डिडक्टिबल १,०००. घेतलेला भागिले हवा असलेला, म्हणजे तीन चतुर्थांश. नुकसानाला त्याने गुणा, ६०,०००. डिडक्टिबल त्यानंतर वजा, ५९,०००. आधी वजा करून मग गुणलंत तर ५९,२५० येतात, आणि तोही आकडा पर्यायात असतो. आणखी एक: अट नुकसानाच्या वेळच्या किमतीवर लावतात, पॉलिसी घेतानाच्या नाही.

छपराचं गणित तर उत्तर टेक्सासमध्ये राहणाऱ्याने रोजच्या हिशोबासारखं करता यायला हवं. घराचं कव्हरेज ए साडेचार लाख. वारा-गारांसाठी डिडक्टिबल २ टक्के. हे २ टक्के नुकसानाचे नाहीत, कव्हरेज ए चे आहेत, म्हणजे ९,००० डॉलर. नवं छप्पर २२,००० चं, आयुष्य वीस वर्षं धरलेलं, दहा वर्षं झालेली. अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू, म्हणजे घसारा वजा जाता किंमत, ११,०००. त्या पद्धतीची पॉलिसी असेल तर हातात २,०००. रिप्लेसमेंट कॉस्टची, म्हणजे नव्याचा पूर्ण खर्च धरणारी, असेल तर एकूण १३,०००, पण त्यातला घसाऱ्याचा भाग सहसा काम पूर्ण झाल्यावरच मिळतो. गारपिटीनंतर दारोदार फिरणारे रूफर ‘डिडक्टिबल आम्ही सांभाळून घेऊ’ म्हणतात ना, १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये तो गुन्हा आहे. हे परीक्षेत येवो न येवो, पहिल्याच वर्षी तुमचा ग्राहक तुम्हाला हे विचारणार.

गाडीच्या लायबिलिटीतल्या स्प्लिट लिमिट्सचं एक उदाहरण करून ठेवा. टेक्सासची किमान मर्यादा ३०/६०/२५: एका जखमी माणसाला ३०,०००, एका अपघातात सगळ्यांना मिळून ६०,०००, दुसऱ्याच्या मालमत्तेला २५,०००. समजा तुमच्या ग्राहकाच्या चुकीने तिघे जखमी, त्यांचे दावे ४५,०००, २०,००० आणि १०,०००, आणि समोरच्या गाडीचं नुकसान २८,०००. कंपनी देते ३०, २० आणि १० हजार, बरोबर साठ, अधिक गाडीचे २५. ग्राहकाच्या गळ्यात १५ आणि ३ असे अठरा हजार. हे गणित जिला येतं ती किमान मर्यादेची पॉलिसी कोणाला सहज विकत नाही.

कमर्शियल हा तुमचा खरा अभ्यास. नोट्समध्ये तो शेवटी येतो म्हणून लोक थकून पोचतात. सीजीएल एका उदाहरणातून शिका. समजा गणेशोत्सवाच्या जेवणाचं कंत्राट एका मराठी केटररने घेतलंय. त्याच्या स्वयंपाकघरात ऑर्डर द्यायला आलेली बाई ओल्या फरशीवर घसरली: सीजीएल, कव्हरेज ए, बॉडिली इंजरी. तिथल्या तिथे उपचारांचे थोडे पैसे, कोणाची चूक हे न बघता: कव्हरेज सी. त्याचाच आचारी तेलाने भाजला: सीजीएल नाही, वर्कर्स कॉम्पचा (कामावरच्या इजेची भरपाई देणाऱ्या विम्याचा) विषय. पातेली घेऊन जाणारी त्याची व्हॅन धडकली: सीजीएल नाही, बिझनेस ऑटो. हॉलवर पोचवलेलं जेवण खाऊन लोक आजारी पडले: प्रॉडक्ट्स-कम्प्लीटेड ऑपरेशन्स (विकलेला माल आणि पूर्ण झालेलं काम), आणि त्याची वार्षिक मर्यादा वेगळी मोजली जाते. जाहिरातीत दुसऱ्याचं घोषवाक्य ढापलं: कव्हरेज बी. सांभाळायला घेतलेली दुसऱ्याची भांडी फुटली: ताब्यातल्या वस्तूचं एक्सक्लूजन, मिळणार नाही. एका कागदावर हे सगळं स्वतः लिहून काढा, मग केटररच्या जागी सुतार ठेवा, मग ब्युटी पार्लर ठेवा. प्रत्येक वेळी एखादं उत्तर बदलेल. पार्लरमध्ये केसांना रसायन लावून टाळू भाजली, तर तिथे व्यावसायिक चुकीची वेगळी पॉलिसी डोकावते.

ऑकरन्स आणि क्लेम्स-मेड यांचा घोळ तारखा मांडून सोडवायचा. ऑकरन्स पॉलिसी विचारते: इजा कधी झाली? क्लेम्स-मेड विचारते: दावा कधी आला, आणि इजा रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतरची (त्याआधीच्या इजा पॉलिसी धरत नाही) आहे का? इजा नोव्हेंबर २०२१ ची, दावा मार्च २०२३ मध्ये, रेट्रो तारीख १ जानेवारी २०२२. २०२३ ची क्लेम्स-मेड पॉलिसी देणार नाही. २०२१ ची ऑकरन्स पॉलिसी असती तर तिने दिले असते. आयएसओच्या क्लेम्स-मेड सीजीएलमध्ये पॉलिसी संपल्यावर फुकट मिळणारी मुदतही लक्षात ठेवा: ६० दिवस आणि ५ वर्षं. ६० दिवसांत घटना कळवली असेल तर तिच्यावरचा दावा पाच वर्षांपर्यंत आला तरी चालतो.

राज्याचा भाग हा चार गुणांनी नापास झालेल्यांसाठी सगळ्यात स्वस्तात मिळणारा गुणांचा साठा आहे. तिथे समज कमी, नेमकेपणा जास्त लागतो. कमिशनर निवडणुकीने येत नाही, गव्हर्नर नेमतो, दोन वर्षांसाठी. क्लेमच्या मुदती: सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत पोच आणि तपास सुरू. सगळी कागदपत्रं मिळाल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत हो किंवा नाही. हो म्हटल्यावर ५ कामकाजाच्या दिवसांत पैसे. पहिले १५ साधे दिवस आहेत, पुढचे कामकाजाचे, आणि प्रश्न नेमका या फरकावर येतो. उशीर केल्यास वार्षिक १८ टक्के दंडव्याज हा मूळ नियम. हवामानाच्या नुकसानाच्या खटल्यांना वेगळा, कमी दर आहे.

गाडीच्या पॉलिसीत पीआयपी (चूक कोणाचीही असो, स्वतःच्या इजेचा खर्च) आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (विमा नसलेल्याने धडक दिली तर) ही दोन्ही कव्हरेजं कंपनीने देऊ करायलाच हवीत. ग्राहकाने लेखी नकार दिला नसेल तर ती पॉलिसीत आहेत असंच धरलं जातं. तोंडी नकाराला अर्थ नाही. पीआयपीची किमान रक्कम २,५०० डॉलर, त्यात औषधपाण्याबरोबर बुडालेल्या पगाराचा ८० टक्के भाग येतो, फक्त औषधोपचार देणाऱ्या मेडपेमध्ये पगार येत नाही. कोणीच विमा देत नसेल तेव्हाच्या शेवटच्या जागाही पाठ हव्यात. किनाऱ्यालगतच्या १४ काउंटी आणि हॅरिस काउंटीचा काही भाग यांना वारा-गारांसाठी शेवटचा आसरा टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशन. १९७० मध्ये सीलिया वादळाने कॉर्पस क्रिस्टी झोडपल्यावर १९७१ मध्ये ती उभी राहिली. तिथे जाण्याआधी एका कंपनीचा नकार लागतो. गाडीचा विमा कोणी देत नसेल तर टेक्सास ऑटोमोबाइल इन्शुरन्स प्लॅन असोसिएशन, तिथे दोन कंपन्यांचे नकार लागतात.

एक सापळा मुद्दाम वेगळा सांगते. सर्वसाधारण भागात वर्कर्स कॉम्प म्हणजे मालकावर कायद्याने बंधनकारक गोष्ट असं शिकवलेलं असतं. टेक्सासमध्ये खासगी मालकाला ते घेण्याची सक्ती नाही. न घेणाऱ्याला नॉनसबस्क्रायबर म्हणतात, आणि त्याने घेतलं नाही की कोर्टात ‘कामगाराचाही हलगर्जीपणा होता’, ‘सहकाऱ्याची चूक होती’, ‘धोका माहीत असून काम घेतलं’ हे तिन्ही बचाव त्याच्या हातून जातात. प्रश्नात ‘टेक्सास’ हा शब्द आहे का ते आधी बघा, उत्तर त्यावर ठरतं.

टेक्सासची विधानसभा विषम वर्षांत बसते, आणि विम्याचे नियम त्याच अधिवेशनांत बदलतात. त्यामुळे कोणी प्रेमाने दिलेलं जुनं पुस्तक राज्याच्या भागासाठी वापरू नका. हँडबुकची तारीख बघा, पुस्तकाची आवृत्ती बघा, मधे एखादं अधिवेशन होऊन गेलं असेल तर नवी प्रत घ्या. इथे वीस-तीस डॉलर वाचवण्यात अर्थ नाही.

गैरव्यवहारांच्या यादीत रिबेटिंग येतं: पॉलिसी घ्यावी म्हणून कमिशनमधला वाटा ग्राहकाला परत देणं. ‘आमच्याकडचे एजंट पहिला हप्ता स्वतः भरायचे’ असं हसत सांगणारे मला दर बॅचला भेटतात. भारतातही १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ ने ते मनाई केलेलंच आहे, सर्रास चालतं ही गोष्ट वेगळी. इथे मात्र त्यावर लायसन्स जाऊ शकतं. त्याच यादीतलं दुसरं, जे लोकांना पटतच नाही: कंपनी बुडाली तर गॅरंटी असोसिएशन क्लेम देते, पण हे सांगून पॉलिसी विकायची नाही.

आता वेळापत्रक. ६६ वाल्याला तीन आठवडे पुरतात, रोज दीड-दोन तास मिळत असतील तर. उद्याचीच तारीख घेऊ नका. पहिल्या आठवड्यात प्रश्नसंच बंद. पॉलिसी, पुस्तक, आणि कोऱ्या कागदावर स्वतः बनवलेली उदाहरणं. दुसरा आठवडा पूर्ण कमर्शियलला. तिसऱ्यात राज्याचा भाग आणि आता प्रश्नसंच, पण तुम्ही कधी न उघडलेला, दुसऱ्या प्रकाशकाचा. वेळ लावून सोडवा, परीक्षेत दर प्रश्नाला साधारण मिनिटभरच मिळतो. बरोबर उत्तराला खूण केल्यावर उरलेले तीन पर्याय का चूक हे मोठ्याने सांगा. मराठीत सांगितलं तरी चालेल, उलट मराठीत सांगता आलं तर समजलं असं माना. घरचे हसतील, हसू द्या. न मोजले जाणारे चाचणी-प्रश्नही परीक्षेत मिसळलेले असतात, म्हणून अगदीच अनोळखी प्रश्न आला तर अडकून बसू नका, खूण करा आणि पुढे चला.

नावाचं एक बघा. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं असतं, आणि टेक्सासच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर ते वेगळ्याच तऱ्हेने छापलेलं असतं. नोंदणीतलं नाव आणि केंद्रावर दाखवायचं ओळखपत्र तंतोतंत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर दारातून परत पाठवतात. नोंदणी करताना ओळखपत्र समोर ठेवूनच नाव भरा.

पर्सनल लाइन्स घेऊ का, हा शेवटचा प्रश्न. माझं मत: नको. पर्सनल लाइन्समध्ये घर, गाडी एवढंच विकता येतं. तुमच्या ओळखीचे लोक आज घर आणि गाडी विचारतील, पण दोन वर्षांत त्यांच्यापैकीच कोणी किराणा दुकान काढेल, कोणी डे-केअर, कोणी ट्रक घेईल, आणि तेव्हा तुम्हाला दुसऱ्या एजंटचं नाव सुचवावं लागेल. तुमचं अर्धं काम झालेलं आहे, चार गुणांसाठी लहान परीक्षेकडे वळू नका. अपवाद एकच: एखाद्या कंपनीच्या कॉल सेंटरवर नोकरी ठरलेली असेल आणि त्यांना पर्सनल लाइन्सच पुरत असेल, तर आधी तेच घ्या आणि पगार सुरू होऊ द्या.

पास झालात की लगेच बोटांचे ठसे आयडेंटोगोच्या केंद्रात द्या आणि अर्ज सरकॉन किंवा एनआयपीआर या संकेतस्थळावरून भरा. निकाल वर्षभरच चालतो, त्यात अर्ज झाला नाही तर पुन्हा परीक्षा. लायसन्स दोन वर्षांचं, नूतनीकरणाआधी २४ तासांचं शिक्षण. आणि लायसन्स हातात आलं म्हणून कुठल्याही कंपनीची पॉलिसी विकता येत नाही, त्या कंपनीने तुमची एजंट म्हणून नेमणूक करावी लागते. त्यामुळे परीक्षेच्या तिसऱ्या आठवड्यातच दोन-तीन एजन्सींशी बोलायला सुरुवात करा. मुलाखतीला जाताना तो केटररचा कागद बरोबर न्या. मी मुलाखत घेत असते तर गुण किती पडले हे न विचारता तोच बघितला असता.